मागच्या सीटचा निकाल

मोटारसायकलवर पुढे बसलेल्या माणसाला आपली गाडी छानच चालते असं वाटत असतं. त्याच्या हातात हँडल असतं, पायाखाली ब्रेक असतो, खड्डा त्याला आधी दिसतो आणि तो बूड उचलून मोकळा होतो. मागच्याच्या नशिबात यातलं काही नाही. तो देवाच्या भरवशावर बसलेला असतो आणि खड्डा आल्याची बातमी त्याला थेट माकडहाडाकडून मिळते. तेव्हा गाडीचं खरं काय चाललंय हे या मागच्याला विचारावं, इतकी साधी गोष्ट आहे. पण ती एकाही गॅरेजवाल्याला सुचली नव्हती. सुचली ती मिस्त्रीला, आणि त्यालाही बायकोची बोलणी खाऊन सुचली.

मिस्त्री खड्ड्यांचे हादरे झेलणाऱ्या मागच्या शॉकअपचं काम करतो, आणि फक्त मागच्याच. इंजिन, क्लच, वायरिंग असलं काही घेऊन कोणी आलं की तो कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे बोट दाखवतो आणि पुन्हा आपल्या कामात डोकं घालतो. खाली एका शटरची खोली, वर दोन खोल्यांचं घर, मधे लोखंडी जिना. खालच्या खोलीत भिंतभर खिळे आणि खिळ्यांना टांगलेल्या स्प्रिंगा. जाड तारेच्या, बारीक तारेच्या, वर दाट आणि खाली विरळ वेटोळ्यांच्या. कारखान्यातून आलेली गाडी कुठल्यातरी मधल्याच माणसासाठी बनवलेली असते, आणि तो मधला माणूस आपल्या दुकानात आजवर फिरकलेला नाही, असं मिस्त्रीचं म्हणणं. येणारे सगळे कडेचे. कोणी काटकुळा आणि एकटा फिरणारा, कोणी कुटुंबासकट, कोणी मागे पावाचे क्रेट बांधणारा. ज्याचं ओझं जसं तशी त्याची स्प्रिंग, स्प्रिंग जशी तसं आतलं तेल, आणि हे गणित जमलं की गाडी खड्ड्यातून बिनतक्रार जाते आणि वळणावर सांगू तिथूनच जाते.

गल्लीत मिस्त्रीचा उल्लेख सगळे एकेरीत करतात आणि त्याच्या बायकोला मात्र काकू म्हणतात, तेही अहोजाहोने. ज्याने दोघांनाही पाहिलंय त्याला यात काही वावगं वाटत नाही.

लग्न नवं असताना मिस्त्रीने स्वतःच्या गाडीला चांगल्या दणकट स्प्रिंगा बसवल्या होत्या. वळणावर गाडी जराही झुलत नव्हती आणि मिस्त्रीची छाती फुगली होती. त्याने हौसेने बायकोला फिरवून आणलं. ती उतरली आणि जिना चढून वर गेली. रात्री जेवताना शांतपणे म्हणाली, "गाडी छान आहे. उद्या मित्राला पुढे बसवा आणि तुम्ही मागे बसा. मग मला सांगा किती छान आहे ते." दुसऱ्या दिवशी मिस्त्री मागे बसला. परत आल्यावर बराच वेळ तो दुकानात उभ्याउभ्याच काम करत होता. त्या दिवसापासून काकूंची ती सीट पक्की झाली.

रिवाज असा ठरला की शॉकअपचं काम झालं की मिस्त्री वर तोंड करून हाक मारतो. काकू हातातलं काम ठेवून खाली येतात, खुंटीवरचं जाड जाकीट चढवतात, हेल्मेट घालतात आणि मागे बसतात. मग ठरलेली फेरी. आधी शाळेपुढचा गतिरोधक, मग गोदामामागचा दगडी फरशीचा रस्ता, मग पाण्याच्या टाकीला वळसा घालणारं लांबलचक वळण. फेरीत काकू चकार शब्द काढत नाहीत. डोळे मिटून बसतात. परत आल्यावर उतरतात, हेल्मेट काढतात, केस सारखे करतात आणि मग निकाल देतात. बाकावर बसलेलं गिऱ्हाईक तोवर त्यांच्या तोंडाकडे बघत असतं, मुलाच्या परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखं.

काकूंना स्वतःला मोटारसायकल चालवता येत नाही, शिकायची इच्छाही नाही. यंत्राचे शब्दही त्या वापरत नाहीत. त्यांचे शब्द त्यांचे. गाडी 'धप्प' करते म्हणजे स्प्रिंग कमजोर, खड्ड्यात पार तळाला टेकते. 'डचमळते' म्हणजे आतलं तेल पातळ, एका खड्ड्याच्या तीन उड्या होतात. 'टणटण' म्हणजे उगाच आवळून ठेवलेली. आणि 'शेपूट टाकते' म्हणजे मागून इतकी बसते की पुढचं चाक हलकं होऊन वळणावर गाडी बाहेर पळते. हा शेवटचा शब्द मिस्त्रीला इतका आवडला की तो गिऱ्हाइकांनाही ऐटीत ऐकवायचा, जणू त्यानेच शोधून काढलाय. काकूंनी "जाऊ द्या" म्हटल्याशिवाय दुकानातून गाडी हलत नसे, आणि काकूंनी "जाऊ द्या" म्हटलेली गाडी परत येत नसे.

आणि मग गाड्या परत यायला लागल्या.

पहिला आला फोटोग्राफर. तो आणि त्याची बायको लग्नसमारंभाचे फोटो काढतात, दिवे आणि स्टँड बायकोच्या मांडीवर असतात. "मिस्त्री, जरा बसते हो मागून," तो ओशाळून म्हणाला, जणू चूक त्याचीच होती. मिस्त्रीने स्प्रिंगखालची चकती हुक पान्याने एक खाच आवळून दिली आणि विसरून गेला. मग दुसरा आला, मग तिसरा, आणि मग बेकरीवाला आला तो तणतणतच. "अहो, क्रेट बांधले की गतिरोधकावर खालून ठोकर बसते. पाव चपटे झाले की लोक मला विचारतात, तुम्हाला नाही विचारत!"

मिस्त्रीने आधी स्प्रिंगांना दोष दिला. मग स्प्रिंगा बनवणाऱ्याला, मग रस्त्यांना, मग गिऱ्हाइकांच्या खाण्यापिण्याला. सगळे एकदम जाडे कसे झाले, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. एकच दोष द्यायचा राहिला होता आणि तिकडे त्याचं मन जातच नव्हतं. कारण अलीकडे प्रत्येक फेरीनंतर काकू एकच म्हणत होत्या. "टणटण आहे. सैल करा." तो सैल करायचा. पुन्हा फेरी. "अजून टणटण आहे." तो अजून सैल करायचा, हलकी स्प्रिंग टाकायचा, मग कुठे "जाऊ द्या" यायचं. आणि तीच गाडी दोन आठवड्यांनी धप्प धप्प करत दारात उभी.

म्हणजे काकू चुकत होत्या. हे एवढंसं वाक्य मनात उच्चारायला मिस्त्रीला बरेच दिवस लागले, आणि उच्चारल्यावर त्याला जेवण गेलं नाही. हिचं अंग आता सांगेनासं झालंय, त्याला वाटलं, वय झालं. तिला सांगायचं कसं? दुकानाच्या पाटीवर नाव त्याचं होतं, पण दुकान मागच्या सीटवर चालत होतं हे त्याला पुरतं ठाऊक होतं. ती सीट तिच्याकडून काढून घ्यायची तर दुसरं काय द्यायचं तिला? बरं, बाकी काकू अगदी ठणठणीत दिसत होत्या. जेवण तर इतकं वाढलं होतं की मिस्त्री चेष्टा करायचा, "माझ्या ताटातलं तरी सोड." उकडतंय म्हणून थंडीतसुद्धा खिडक्या उघड्या टाकायच्या. तापट तर त्या आधीपासूनच होत्या, आता जरा जास्त. परवा हातातून कप निसटून फुटला तर कपावरच खेकसल्या.

तेव्हा मिस्त्रीने नवरे लोक करतात तेच केलं. तोंडाने हो म्हणायचं आणि पाठीमागे आपलं तेच करायचं. काकूंचा निकाल ऐकायचा, मान डोलवायची, त्या जिना चढून वर गेल्या की गुपचूप गाडी पुन्हा आवळायची. गाड्या परत यायच्या थांबल्या. गिऱ्हाइकं खूश. मिस्त्री मात्र चोरी केल्यासारखा जिन्याकडे कान लावून पाना फिरवायचा, आणि लोखंडावर पाना वाजला की हात थांबवून पुन्हा कानोसा घ्यायचा.

बिंग फोडलं बेकरीवाल्याने, तेही कौतुकाच्या भरात. ताजे पाव घेऊन आला तेव्हा काकूच दुकानात होत्या. "काकू, गाडी एकदम झकास! तुम्ही वर गेल्यावर मिस्त्रींनी दोन खाचा आवळल्या ना, तेव्हापासून आवाज नाही."

काकूंनी पाव घेतले. "बरं झालं," म्हणाल्या. बेकरीवाला गेल्यावर त्यांनी खुंटीवरचं जाकीट काढलं, घडी घातली आणि वर घेऊन गेल्या. मिस्त्री मागोमाग जिना चढला.

"अगं, ऐक तरी."

"किती गाड्या?"

"काय किती गाड्या?"

"माझ्या मागे आवळलेल्या."

खोटं बोलायची ती वेळ नव्हती आणि खरं बोलायची मिस्त्रीत हिंमत नव्हती.

"मग मला खाली कशाला बोलावत होता? शोभेला?" काकूंचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "वाळूची गोणी बांधा मागे. ती उलट बोलत नाही, आणि तिच्या पाठीमागे काही करावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने खरंच गोणी बांधली. दुसरं करणार काय, काम तर थांबत नव्हतं. गोणीला घेऊन तो गतिरोधकावरून गेला, फरशीवरून गेला, टाकीचं वळण घेतलं. परत येऊन गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि सवयीने मान वळवून विचारलं, "काय म्हणतेस?" समोरचा पानवाला खो-खो हसला. मिस्त्रीला हसू आलं नाही. तो तसाच हँडलवर हात ठेवून बसून राहिला.

त्या आठवड्यात वर जेवण वेळेवर होत होतं, चहा खाली येत होता, आणि बोलणं मात्र 'मीठ द्या' एवढ्यावर आलं होतं. काकूंशिवायच्या गाड्या ठीक निघत होत्या. ठीकच. मिस्त्रीला त्यात राम वाटत नव्हता. आणि मुळात त्याला ती हवी होती. गाडीसाठी नाही, अशीच हवी होती, मागे, डोळे मिटून बसलेली. इतक्या वर्षांत त्याने हे कधी तिला सांगितलं नव्हतं, कारण रोज हाक मारली की ती येतच होती.

कपाटात वरच्या फळीवर एक खोकं होतं. त्यात गॅसचे नवे शॉकअप होते, बाजूला छोटी बाटली असलेले, खाली चकती फिरवली की गाडी उसळून परत येण्याचा वेग कमीजास्त करता येणारे. मिस्त्रीने ते स्वतःच्या जुन्या गाडीसाठी आणून ठेवले होते आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते राहूनच गेले होते. त्याने खोकं खाली काढलं, रविवारी सकाळी शटर अर्धं ओढून गाडीचे जुने शॉकअप उतरवले, नवे चढवले, आणि वर जाऊन दारात उभा राहिला.

"आपल्या गाडीचं काम काढलंय."

काकू कपड्यांना इस्त्री करत होत्या. "मग करा."

"ती गिऱ्हाइकाची नाही. तिच्यावर मागे दुसरं कोणी बसत नाही. तू बसल्याशिवाय ती लावायची कोणाच्या मापाने?"

इस्त्री थांबली. "मी नुसती बसेन. बोलणार काही नाही."

"नको बोलूस."

मोजमाप करायची मिस्त्रीची रीत सोपी आहे. पुढचं चाक लोखंडी घोडीत अडकवून गाडी सरळ उभी करायची, मागे माणूस बसवायचा, आणि चाकाच्या नटापासून सीटच्या कडेपर्यंतचं अंतर किती घटलं ते बघायचं. गिऱ्हाइकाच्या गाडीला तो टेप लावतो. स्वतःच्या गाडीला बोटं. काकू एकट्या मागे बसल्या की ही गाडी तीन बोटं खाली जाते, हे त्याला स्वतःच्या घराच्या दारासारखं माहीत होतं.

काकू बसल्या. सुट्टीचा दिवस म्हणून जाकीट नव्हतं, घरातलेच कपडे होते. मिस्त्रीने बोटं लावली. गाडी जेमतेम दीड बोट खाली गेली होती.

"नवी स्प्रिंग आहे," तो स्वतःशीच पुटपुटला. "जड निघाली." त्याने चकती सैल केली. अगदी शेवटच्या खाचेपर्यंत सैल केली. तरी दोनला कमीच. त्याला राग आला. इतक्या दिवसांनी ती खाली आली आणि नेमकं आजच माप चुकावं!

"उतर जरा. जुनेच लावून बघतो."

काकू उतरल्या, एक अक्षर न बोलता कडेला उभ्या राहिल्या. मिस्त्रीने नवे शॉकअप सोडून जुने पुन्हा चढवले. "बस." काकू बसल्या. त्याने बोटं लावली आणि तो तसाच उकिडवा राहिला.

दोन बोटं.

स्प्रिंग म्हातारी झाली की मऊ होते. कडक कधीच होत नाही. आयुष्यभर मिस्त्रीने हे पाहिलं होतं. हेच शॉकअप, हीच गाडी, तीन बोटं बसायची ती आता साडेतीन बसायला हवी होती. गाडीत काही बदललं नव्हतं. मिस्त्रीचा हात नटावर होता आणि डोळे हळूहळू वर गेले. सीट. सीटवर टेकलेला काकूंचा हात. मनगटावर नेहमी रुतून बसणारं घड्याळ कोपराच्या दिशेने घसरून अर्ध्यावर लोंबत होतं. खांद्यापाशी कापड रिकामं होतं. गळ्याची हाडं दिसत होती. रोज समोर होती ही बाई, तीन वेळा ताटावर समोर होती, आणि फेरीला यायची तेव्हा त्या जाड जाकिटात.

"तू कुठे गेलीस गं?" मिस्त्री म्हणाला.

"इथेच तर बसलेय."

"अगं, अर्धी कुठे गेलीस?"

काकूंनी घड्याळ खाली ओढलं. ते परत घसरलं. "थोडी उतरलेय. बरंच आहे की, या वयात लोक जाडे होतात."

"थोडी?"

काकू भिंतीकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "कपडे दोनदा आत घेतले शिवून. तुम्हाला कळू नये म्हणून दुपारी शिवले. जेवतेय, दुप्पट जेवतेय, तरी उतरतेच आहे." आणि मग एकदम, लहान आवाजात, "आई अशीच वाळत गेली होती. सुरुवातीला सगळे म्हणायचे, बारीक झाली, छान दिसते."

मिस्त्रीला आता सगळं एकदम दिसलं. ती चुकत नव्हती. तिचं अंग खरंच सांगत होतं. वजन कमी झालं की तीच स्प्रिंग कडक लागते, हे तो रोज गिऱ्हाइकांना समजावतो. ती म्हणत होती टणटण, आणि तिच्यासाठी ती खरंच टणटण होती. इतके महिने ती रोज खाली येऊन सांगत होती की मी कमी होतेय, आणि तो स्प्रिंगवाल्याला शिव्या घालत होता, तिच्या पाठीमागे पाना फिरवत होता. त्याने तिचा गुडघा धरला. "मी गाढव आहे," तो म्हणाला.

"ते नंतर बघू," काकू म्हणाल्या. "मला भीती वाटते हो."

"मलाही वाटते."

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि बोलायच्या आधी बघणाऱ्या होत्या. त्यांनी काकूंना हात समोर पसरायला सांगितले. बोटं बारीक थरथरत होती. नाडी बघितली, मानेला पुढून चाचपलं, घोट गिळायला लावला, उकडतं का, छातीत धडधडतं का, झोप लागते का, एकेक विचारलं. काकू प्रत्येकाला हो म्हणत गेल्या आणि मिस्त्री प्रत्येक हो ऐकून खुर्चीत लहान होत गेला.

"गळ्यातली ग्रंथी जास्त काम करतेय असं दिसतंय. रक्त तपासू म्हणजे नक्की कळेल. वजन कधीपासून उतरतंय?"

"लक्षात नाही," काकू म्हणाल्या. "काट्यावर उभीच राहिले नाही, भीतीने."

"मी सांगतो," मिस्त्री म्हणाला. "शाळेतल्या बाईंची गाडी बरोबर होती. ती आजतागायत परत आलेली नाही. ती उन्हाळ्याची सुट्टी लागताना केली. फोटोग्राफरची एक खाच कमी पडली, ती शाळा उघडल्यावरची. त्यानंतरच्या सगळ्या पडत्याच आहेत. आणि बेकरीवाल्याची दोन खाचा आणि हलकी स्प्रिंग, म्हणजे तेव्हा पुष्कळच उतरली होती. ती आत्ता थंडी सुरू होतानाची."

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "हे कुठल्या गाड्यांचं चाललंय?"

मग काकूंनीच त्यांना सगळं समजावून सांगितलं. फेरी, निकाल, परत आलेल्या गाड्या, गोणीसुद्धा. गोणीचं सांगताना त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं की डॉक्टरबाईंना हसू दाबावं लागलं. पण सांगता सांगता काकू मधेच थांबल्या. "म्हणजे माझं चुकत नव्हतं," त्या मिस्त्रीला म्हणाल्या, डॉक्टरबाई समोर आहेत हे विसरून.

"एकदाही नाही."

"मला वाटलं होतं, मला आता कळेनासंच झालंय. रात्र रात्र तेच मनात यायचं. वजनापेक्षा तेच जास्त."

मिस्त्रीने तिच्या हातावर हात ठेवला, आणि त्या थरथरीसकट तो धरून ठेवला.

रक्ताचा निकाल यायला काही दिवस गेले. ते दिवस कसे गेले ते दोघांनाच माहीत. मिस्त्रीने शटर उघडलं पण काम हातात घेतलं नाही. नवे शॉकअप मात्र परत चढवले, नीट, सावकाश, प्रत्येक नट पुसून, दोघांच्या वजनाच्या हिशेबाने चकती पुन्हा आवळून. काकू खाली येऊन बाकावर बसायच्या आणि बघत राहायच्या. गिऱ्हाईक आलं की त्याच सांगायच्या, "पुढच्या आठवड्यात या." कोणी विचारलं काय झालं, तर म्हणायच्या, "यांची तब्येत बरी नाही." आणि मिस्त्रीकडे बघून कोणालाही ते पटत असे.

निकाल आला तो ग्रंथीचाच. आईला झालेलं ते हे नव्हतं. गोळ्या घ्यायच्या, मधूनमधून रक्त तपासायचं, विश्रांती, आणि धीर. "वजन भरेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हळूहळू भरेल, पण भरेल." काकूंनी त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. मिस्त्रीने तिसऱ्यांदा विचारलं.

बाहेर येऊन दोघं गाडीवर बसले. दवाखान्याचं फाटक ओलांडलं, रस्त्यावर एक साधा ठिगळाचा उंचवटा होता, त्यावरून गाडी गेली, आणि मिस्त्रीच्या पाठीत बोट टोचलं. फेरीत कधी न बोलणाऱ्या काकू बोलल्या.

"थांबवा. टणटण आहे."

"नवे आहेत ना, वापरून सैलावतील..." मिस्त्रीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि वाक्य अर्ध्यावरच सोडून त्याने ब्रेक दाबला. फुटपाथला लागून गाडी उभी केली, गाडीच्या बाजूच्या डब्यातून हुक पाना काढला आणि भर रस्त्यात मागच्या चाकापाशी उकिडवा बसला.

"मी भरेपर्यंत माझ्या निकालावर गिऱ्हाइकाची गाडी सोडू नका," काकू वरून म्हणाल्या. "त्यांच्याच घरच्या माणसाला मागे बसवा आणि विचारा."

"त्यांना तुझ्यासारखं सांगता येणार आहे होय?"

"विचारलं की येतं. मला तरी आधी कुठे येत होतं?"

"ती त्यांची गाडी," मिस्त्री म्हणाला. "ही तुझी." त्याने एक खाच सोडली. "आता?"

काकूंनी डोळे मिटले, बसल्या जागी गाडी दाबून बघितली. "अजून थोडी."

त्याने अजून एक सोडली. "आता?"

"आता बरोबर आहे."

ही खाच तिच्या आजच्या वजनाची होती. उद्या ती भरली की पुन्हा आवळायची, मग पुन्हा, जोवर ती पूर्वीसारखी तीन बोटं बसत नाही तोवर. मिस्त्रीने पाना काढून घ्यायला हवा होता. त्याने कपाळ सीटच्या कडेला टेकलं आणि तो तसाच राहिला. येणारेजाणारे वळून बघत होते. सगळ्यांना वाटत होतं, गाडी बिघडली बिचाऱ्यांची.

काकूंना सीटमधून कळलं की पाना फिरत नाहीये. आणखी काय होतंय तेही कळलं. त्यांनी खाली बघितलं नाही. हात मागे नेऊन त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला.

"सावकाश होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला कुठे जायचंय."